बैलाचे दात पाहता, गाडीचा ब्रेक कोण पाहणार?

शेतकरी बंधूंनो, घोडेगावच्या नाही तर लोणीच्या बाजारात बैल घ्यायला गेलात म्हणजे तुम्ही काय काय पाहता? दात पाहता, खूर उचलून पाहता, चार पावले चालवून चाल पाहता, खांद्यावरून हात फिरवता. सोबत गावातला एखादा जाणता माणूस असतो. व्यापारी कितीही गोड बोलला तरी तुम्ही सहजासहजी फसत नाही. तेच तुम्ही बैलाच्या मोलाची मोटारसायकल गॅरेजपुढे उभी करता, "जरा बघ रे, आवाज येतोय" एवढे सांगता आणि बाजार करायला निघून जाता. संध्याकाळी मिस्त्री सांगेल तो आकडा द्यायचा आणि किक मारून घर गाठायचे. काय बदलले, का बदलले, जुने कुठे गेले, काही विचारायचे नाही.

पूर्वी हे असे नव्हते. १९७२ साली लुना आली, तीही आपल्या नगरच्या कारखान्यातली. राजदूत त्याआधीपासूनच होती, चेतक आली, पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. चेतक सकाळी चालू झाली नाही की ती आडवी कलवायची, प्लग काढून पॉलिश कागदाने घासायचा, एवढे घरातल्या शाळकरी पोरालासुद्धा येत होते. मालकाला गाडीतले निम्मे कळत होते म्हणून मिस्त्रीही जपून बोलत असे. आज गाडी चांगली झाली, बिघाड कमी झाले, तसा मालकाचा हात गाडीपासून सुटला.

आमच्या ओळखीचे एक दूध घालणारे शेतकरी आहेत. रोज दोन्ही वेळा डेअरीची खेप. गाडी ओढीना, पेट्रोल जास्त प्यायला लागली. गॅरेजवाल्याने दोन मिनिटे रेस करून ऐकले आणि सांगितले, "इंजिन कामाला आलं, बोअर-पिस्टन टाकावं लागंल." आकडा ऐकून हे घाबरले आणि दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्याने पाना हातात घ्यायच्या आधी गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि मागचे चाक हाताने फिरवले. चाक अर्धा फेरासुद्धा फिरेना. ब्रेक इतका आवळलेला की गाडी दिवसभर ब्रेक लावूनच पळत होती. मग एअर फिल्टर काढला, त्यात वस्तीच्या रस्त्याची सगळी धूळ भरलेली. फिल्टर नवा टाकला, ब्रेक सैल केला, गाडी होती तशी पळू लागली. इंजिनाला हातही लागला नाही.

सांगायचा मुद्दा असा, की चाक हाताने फिरवून पाहणे हे काही मिस्त्रीचेच काम नाही. तुम्ही घरी करू शकता. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय म्हणजे ऑइल जळते आहे, तेव्हा इंजिनाचा खर्च खरा असू शकतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जादा जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे, तिथे आधी फिल्टर पाहायचा. चेन मध्यावर बोटाने वर-खाली केली तर इंचभर हलावी. त्यापेक्षा जास्त लोंबली तर आवळायची, अगदी ताणलेली असेल तर सैल करायची. ऑइलची पातळी सपाट जागी गाडी उभी करून काडीवर पाहायची. आपल्या मातीच्या रस्त्यांना पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच फिल्टर साफ करावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

दुसरा अनुभव एका शिक्षिकेचा. तालुक्याच्या गॅरेजात त्यांच्या स्कूटीचे ब्रेक लायनर बदलले म्हणून पैसे घेतले. आठ दिवसांत ब्रेक पुन्हा तसेच. बाईंनी दुसरीकडे चाक खोलले तर आत जुनेच झिजलेले लायनर! परत जाऊन विचारले तर "आम्ही बदललं होतं" हे उत्तर. पावती नव्हती, जुना माल मागून घेतला नव्हता. पुढे काय करणार?

पावती असती तर बरेच करता आले असते. ग्राहक संरक्षण कायदा आधी १९८६ चा होता, आता २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही त्या कायद्यात 'सेवा' धरली जाते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करायची. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही. पण कागद पाहिजे. म्हणून गाडी लावतानाच काय काय करायचे ते कागदावर लिहून घ्या, अंदाजे खर्च विचारा, त्याच्या वर जाणार असेल तर आधी फोन करायला सांगा आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून परत मागा. घरी नेऊन भंगारात टाका हवे तर, पण मागा. गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीला मागे बसवून एक चक्कर मारा. एवढे केले की निम्मी लबाडी आपोआप थांबते.

मात्र सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणेही बरोबर नाही. एक मिस्त्री म्हणाला, "मालक कंपनीचा माल मागत्यात अन् पैसं कांद्याची पट्टी आल्यावर देत्यात. उधारीची वही भरली. स्पेअरपार्टवाला मला उधार देतो व्हय?" यात खोटे काय आहे? उधारीवर काम करून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला डुप्लिकेट लायनर मिळतो, आणि तो त्याने स्वतःच ओढवून घेतलेला असतो.

शिवाय एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. कार्बोरेटर जाऊन बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले. मीटरवरचा इंजिनाचा दिवा पेटून राहिला तर स्क्रू फिरवून तो विझत नाही, त्याला मशीन जोडून पाहावे लागते. ज्याच्याकडे ते मशीन नाही त्याला वायरिंग उघडू देऊ नका. गावातल्या होतकरू पोरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमधून दुचाकी दुरुस्तीचे मोफत निवासी प्रशिक्षण दिले जाते. ग्रामसेवकांनी चौकशी करून गॅरेजवर हाताखाली काम करणाऱ्या मुलांची नावे पाठवली तर गावालाच उपयोग होईल.

ब्रेक दाबायचा कुणी शिकवला?

आता ब्रेकचेच पुढे पाहू. मिस्त्रीने ब्रेक उत्तम करून दिला, पण चालवणाऱ्याला तो दाबता येतो का? ड्रम ब्रेकच्या चाकापाशी एक बारीक बाण असतो. ब्रेक पुरता दाबल्यावर तो बाण खुणेला भिडला की लायनर संपला. ही खूण आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि पुढचा ब्रेक वापरणारे किती? "पुढचा दाबला की तोंडावर पडतो" हे आपण बापाकडून ऐकले, पोराला सांगितले. म्हणून गावात निम्म्या गाड्यांची पुढच्या ब्रेकची केबल गंजून गेलेली असते.

खरी गोष्ट उलटी आहे. गाडी थांबायला लागली की वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा दाबला तर चाक घासत जाते, गाडी आडवी होते आणि थांबत मात्र नाही. पुढचा ब्रेक एकदम आवळला, हँडल वळलेले असताना दाबला, किंवा वाळूवर, शेणावर, ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या चिखलावर दाबला तर पडायला होते, हे खरे. तिथे वेग आधीच कमी करायचा. कोरड्या डांबरावर हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक बरोबर, दूध काढताना जसा दाब हळूहळू वाढवतो तसे दाबायचे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोड ब्रेक किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. जोड ब्रेकमध्ये मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण त्याआधीच्या कितीतरी गाड्या अजून आपल्या रस्त्यावर आहेत.

हे शिकवायचे कुठे? ड्रायव्हिंग स्कूल बहुतेक चारचाकीचे. परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावतात, त्यात तोल कळतो, थांबणे कळत नाही. म्हणून घरीच करा. रविवारी शाळेचे मैदान किंवा गावाबाहेरचा सपाट माळ बघा. फक्कीची एक रेघ मारा. परवाना काढलेल्या पोराला हेल्मेट घालून ताशी २० च्या वेगाने रेघेपर्यंत यायला सांगा, रेघेवर नुसता मागचा ब्रेक, आणि थांबल्यावर पावले मोजा. मग दोन्ही ब्रेक, पुन्हा पावले मोजा. हळूहळू ३० ने. फरक पोराच्या डोळ्यांनाच दिसेल, तुम्हाला व्याख्यान द्यावे लागणार नाही. मग मागे माणूस बसवून करा. दुधाचे भरलेले कॅन लावून करा, म्हणजे हँडल कसे हलके होते आणि थांबायला किती जास्त जागा लागते ते कळेल. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते, म्हणजे समोरचे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर गेलेच. आणि वेग ४० वरून ६० केला तर दीडपट होतो, पण ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर सव्वादोन पट होते.

आकडे नकोसे वाटतात, तरी सांगणे भाग आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यातली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. दर तीन मृत्यूंमागे दोन ग्रामीण भागातले. हेल्मेट नसलेले ५० हजारांवर. "शेतात जायला हेल्मेट कशाला?" असे विचारणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. हेल्मेट घ्याल ते आयएसआय शिक्क्याचे घ्या. २०२१ पासून बिनशिक्क्याचे विकायलाच बंदी आहे.

चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या बापांनी पुढचे नीट वाचावे. मोटार वाहन कायद्याला २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. त्यातून कुणाला धडक बसली आणि चालवणाऱ्याकडे परवाना नसला, तर विमा कंपनी भरपाई भरूनही ती मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे गोष्ट सातबाऱ्यापर्यंत येते. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता ऑनलाइन देता येते, तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला, आणि मुलीलाही, यात अडचण काय आहे?

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनी गळीत हंगामाच्या आधीच्या ग्रामसभेत दोन विषय घ्यावेत. एक, उसाच्या ट्रॉलींना मागून लाल परावर्तक असल्याशिवाय गावातून ट्रॉली हलू द्यायची नाही. दुसरा, पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेले दगड काम झाल्यावर उचलून टाकायचे. रात्री मोटारसायकलच्या उजेडात तो दगड दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि घरातल्या बायामाणसांसाठी एक. मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असावे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. आपली पोरे गाडी बरी दिसावी म्हणून तो साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतात आणि आई मागे बसते तेव्हा पदर चाकाशी लोंबत असतो. पुढच्या सर्व्हिसिंगला तो सोबत न्या आणि मिस्त्रीकडून बसवून घ्या. दोन-चार बोल्टचे काम आहे.