समूह शाळेची हद्द कोठवर?

पट वीसच्या आत आला की वाडी-तांड्यावरील शाळेचे भवितव्य चर्चेला येते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागविले. त्या वेळी राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा होत्या व त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. तोरणमाळ आणि पानशेत येथील समूह शाळांचे दाखले देण्यात आले.

वादाचे मूळ २०११ च्या राज्य नियमावलीतच आहे. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या, तर सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ती म्हणते. मात्र किमान वीस मुलांची अटही तीच घालते. शासन विसावर बोट ठेवते, पालक किलोमीटरवर.

पिशोर (ता. कन्नड) सारख्या मोठ्या गावात शाळा एकवटणे कागदावर सोयीचे दिसते. शिक्षक वाढतील, वर्गमित्र मिळतील, हेही खरेच. परंतु शेतवस्तीवरील पहिलीच्या मुलाला पावसाळ्यात आणणार कोण? वाहतुकीची जबाबदारी नियमाने शासनाची आहे. वाहन दोन दिवस आले नाही, तर आधी मुलीच घरी बसतील, ही पालकांची धास्ती अनाठायी नाही.