उपग्रहाला पीक दिसतं, विहिरीतलं पाणी दिसत नाही



रब्बीचं नियोजन सुरू झालंय. बरेच जण मोबाईलवरचा शेताचा हिरवा-पिवळा नकाशा पाठवून विचारतात, "शिवार हिरवंगार दिसतंय, यंदा गहू-कांद्याचं क्षेत्र वाढवू का?" नकाशा खरा असतो, पण क्षेत्र त्याच्यावर ठरवू नका. कारण खाली दिलंय.

*वरून काय दिसतं?*
असे बरेचसे नकाशे युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या फोटोंवरून बनतात. हे उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी आपल्यावरून जातात. फोटोतला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एखाद्या कोपऱ्यात ठिबक चोकअप झालं किंवा पाणी साचलं, तर तो कोपरा वेगळ्या रंगात दिसतो. तिथे जाऊन बघण्यासाठी नकाशा कामाचा आहे. पण हिरवा रंग म्हणजे पिकाला आतापर्यंत मिळालेलं पाणी. विहिरीत किती उरलंय, ते त्यात येत नाही. मोटर चालू आहे तोवर नकाशा हिरवाच राहतो.

*ओलीचं काय?*
३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह सोडला. त्यात रडार आहे, त्यामुळे ढग असोत की रात्र, त्याचं काम थांबत नाही. मातीची ओल मोजणं हे त्याचं एक काम. मात्र अशा रडारला वरच्या साधारण दोन इंचांचीच ओल कळते. मुळं त्याच्या खाली असतात. तिथली ओल बघायला शेतात टेन्शिओमीटर लागतो. त्याचा आकडा जितका जास्त, तितकी माती कोरडी. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडल्या की त्याच्या टोकाचा मातीशी संपर्क सुटतो आणि आकडा चुकतो, हे लक्षात ठेवा.

*जमिनीखालचं पाणी आकाशातून मोजलं गेलं*
२००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह सोडले होते. एकामागे एक, साधारण २२० किलोमीटर अंतर ठेवून ते फिरायचे. खाली पाणी किंवा बर्फ कमी झाला की जमिनीची ओढ कमी होते आणि दोघांतलं अंतर किंचित बदलतं. तो बदल मोजून ग्रीनलंडचा बर्फ किती घटला तेही कळलं आणि आपल्या देशातलं भूजलही. पंजाब, हरियाणा, राजस्थान या भागातून २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं, असा अभ्यास २००९ मध्ये आला. उजनी पूर्ण भरल्यावर ११७ टीएमसी पाणी असतं. तशा ३२-३३ उजनी! त्या काळात तिथे पाऊस जवळपास सरासरीइतका होता. पाणी गेलं ते उपशामुळे. आणि वरून शेतं हिरवीच होती.

*मग आपली विहीर?*
ग्रेसला तीनशे-चारशे किलोमीटरच्या पट्ट्याचा हिशोब कळतो, गटातली विहीर कळत नाही. शिवाय आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. शेजाऱ्याच्या विहिरीला झरा आहे म्हणून आपल्याला असेलच असं नाही. म्हणून आपल्या विहिरीचं मोजमाप आपणच ठेवायचं.

आता हिशोब बघा. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. एक एकराला दोन इंच पाणी द्यायला सुमारे २ लाख लिटर लागतं, म्हणजे विहिरीतलं २३ फूट पाणी. थोडक्यात, साठलेलं पाणी एखाद-दोन एकराच्या एका पाळीत संपतं. पुढचा हंगाम झऱ्यांवर चालतो.

समजा विहीर दिवसाला ६ फूट भरते. गव्हाची पाळी २० दिवसांची धरली, तर साधारण ५ एकर भिजेल. जानेवारीत तीच आवक ३ फुटांवर आली, तर अडीच एकर. उरलेला गहू उभा वाळतो, बी-खताचा खर्च वर.

*पेरणीआधी एवढं करा*
१. रात्रभर मोटर बंद ठेवा. सकाळी कठड्यावर रंगाची खूण करून तिथून पाण्यापर्यंतचं अंतर वजन बांधलेल्या टेपने मोजा. एकटे मोजू नका, विहिरीत उतरू नका.
२. मोटर चालवून पाणी खाली न्या. बंद केल्यावर २४ तासांत किती फूट भरलं ते लिहा.
३. दर १५ दिवसांनी त्याच खुणेवरून मोजा. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये मोजते. निदान हे चार महिने चुकवू नका.
४. गहू-कांद्याचं क्षेत्र आजच्या आवकेच्या निम्म्यावर ठरवा. बाकी रानात दोन-तीन पाण्यावर येणारा हरभरा किंवा ओलीवरची रब्बी ज्वारी घ्या.

मोजलेले आकडे तारीख, गाव आणि विहिरीचा व्यास लिहून याच नंबरवर पाठवा. तुमच्या विहिरीवर किती एकर बसतं, याचा हिशोब करून परत कळवू. एका शिवारातल्या वीस-पंचवीस विहिरींचे आकडे जमले, तर कुठल्या बाजूचं पाणी आधी उतरतं तेही सगळ्यांना सांगता येईल.


– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी