भूछत्र : झाड नव्हे, मग काय?

श्रावणाच्या झडींत शनिवार पेठेंतील एखाद्या जुन्या वाड्याच्या परसांत, ओल्या सरपणावर किंवा गळक्या कौलांखालच्या तुळईवर पांढरीं छत्रें उगवतात. मुलें त्यांस ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतात, वडील माणसें ‘भूछत्र’. आणि त्यांचेंच लागवडीचें भावंड मंडईंत ‘अळंबी’ या नांवानें विकलें जातें. हें झाड कोणतें, असें मुलानें विचारल्यास घरांतील सुशिक्षित माणसानें काय सांगावें?

उत्तर असें कीं, हें झाडच नव्हे. स्वतःचें अन्न स्वतः तयार करणें हें हिरव्या झाडाचें मुख्य लक्षण. तुळशीचें पान हरितद्रव्याच्या साह्यानें, सूर्यप्रकाशाच्या बळावर, हवा व पाणी यांपासून साखर बनवितें. भूछत्रांत हरितद्रव्य नाहीं. पान, मूळ, फूल, बीज यांपैकीं कांहींच नाहीं. तें आपले पाचक रस बाहेर सोडून लांकूड, पाचोळा किंवा शेण जागच्या जागीं विरघळवितें व मग शोषून घेतें. आपण खाऊन पचवितों. तें पचवून खातें!

शरीराची घडणही निराळी. वनस्पतींच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या असतात. भूछत्राच्या भिंतींत कायटिन असतें, जें खेंकड्याच्या कवचांतही सांपडतें. वनस्पति अन्नाचा सांठा पिष्टरूपानें करितात. भूछत्र तो आपल्या यकृताप्रमाणें ग्लायकोजेनच्या रूपानें करितें. १७५३ सालीं लिनिअसनें या वर्गास वनस्पतींतच बसविलें होतें. १९६९ सालीं व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञानें कवकांची स्वतंत्र सृष्टि मानिली. पुढें आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून कवकें वनस्पतींपेक्षां प्राण्यांस अधिक जवळचीं ठरलीं. म्हणून तीं प्राणी झालीं असें मात्र नव्हे; तो वंशच वेगळा.

पुण्यास ही विद्या परकी नाहीं. १९४६ सालीं येथें स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे आद्य संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचें नांव धारण करणाऱ्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेंत कवकांचा राष्ट्रीय संग्रह जतन केला जातो.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. आपणांस दिसणारें छत्र हें कवकाचें जणूं फळ. खरें शरीर म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचें जाळें, आणि तें लांकडाच्या आंत पसरलेलें असतें. तुळईवरील छत्र खरडून स्वस्थ बसणें म्हणजे आंबा उतरवून झाड तोडल्याचें समाधान मानणें होय. आंत लांकूड कुजतच राहतें. खरा उपाय ओल तोडण्याचा. लांकडांतील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी राहिल्यास कवकास तेथें सहसा वाढतां येत नाहीं. यास्तव पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळून घ्यावीं, माळ्यावर हवा खेळती ठेवावी, आणि ठोकून पाहतां पोकळ वाजणारी तुळई जाणत्या सुतारास दाखवावी.

दुसरी सावधगिरी ताटाची. रानांतील भूछत्र विषारी असल्यास चांदीचें नाणें काळें पडतें, ही समजूत खोटी आहे. कांहीं विषें शिजवूनही जात नाहींत. त्यांचीं लक्षणें सहा-सहा तासांहून उशिरां दिसतात, आणि तोंवर यकृतावर घाला पडूं लागलेला असतो. परसांतील छत्र मुलांस अवश्य दाखवावें, त्याची कथा सांगावी. स्वयंपाकघरांत मात्र लागवडीच्या अळंबीसच प्रवेश द्यावा.