गुणांपलीकडचे चार शब्द

कॉलेजातल्या चाचणीची उत्तरपत्रिका हातात आली की विद्यार्थी आधी आकडा बघतो. मग शेजारच्याचा आकडा बघतो. कागदाची घडी वहीत जाते आणि विषय संपतो. ५०पैकी १८ मिळाले हे त्याला कळते. पण १८च का, आणि पुढच्या खेपेस काय वेगळे करायचे, हे कळत नाही. घरातून कॉलेजात जाणारा जो पहिलाच असतो, त्याला हे समजावणारे घरीही कोणी नसते. 'आपल्याला हे जमणार नाही' एवढाच अर्थ तो त्यातून काढतो. म्हणून मूल्यमापन हा केवळ परीक्षा विभागाचा प्रश्न आहे, असे मला वाटत नाही.

रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा फारसा लाभ झाला नाही. आकडा दिसला की शेरा वाचायचा राहूनच जातो!

अमेरिकेतील मिलवॉकी शहरातल्या अल्वेर्नो या महिला कॉलेजाने १९७३ साली याच दिशेने पाऊल टाकले. संवाद, विश्लेषण, प्रश्नांची उकल अशा आठ क्षमता अध्यापकांनी एकत्र बसून ठरवल्या आणि ए, बी, सी या श्रेणींऐवजी लेखी अभिप्राय दिले. विद्यार्थिनीच्या सुरुवातीच्या भाषणाचे चित्रण जपून ठेवायचे. पुढे तिने ते पाहून आपली प्रगती आपणच तपासायची, अशीही रीत तिथे होती.

हे वाचले तेव्हा मला परके वाटले नाही. उर्दू शायरीत 'इस्लाह'ची, म्हणजे दुरुस्तीची, जुनी परंपरा आहे. शागिर्द गझल उस्तादापुढे ठेवतो. उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा शेर काढून टाकायला लावतो. मिर्झा गालिब हे काम पत्रांतूनही करत. मुन्शी हरगोपाल तफ्ता हे त्यांचे असेच एक शागिर्द. गालिबांनी तफ्तांना दहापैकी किती गुण दिले असते, हा प्रश्न कोणाच्या मनात येतो का?

कोणी म्हणेल, आमच्या वर्गात शंभर-सव्वाशे मुले. प्रत्येकाला पत्र कसे लिहायचे? रास्त आहे. पण तासाची शेवटची पाच मिनिटे राखून ठेवता येतात. चिठ्ठीवर मुलांनी दोनच ओळी लिहायच्या : आज काय समजले आणि काय अडले. नाव घालायची गरज नाही. गठ्ठा चाळला की गाडे कुठे अडले ते दिसते आणि पुढचा तास तिथूनच सुरू करता येतो. निम्म्याहून अधिक वर्ग एकाच ठिकाणी अडत असेल, तर तपासायचे ते आपले शिकवणे. मूल्यमापन दोन्ही बाजूंनी व्हावे लागते, ते असे.

आपल्याकडे १९९४ साली 'नॅक' स्थापन झाली आणि कॉलेजांचेही मूल्यमापन होऊ लागले. त्याने शिस्त आली, हे खरे. पण समिती येणार म्हणून फायली रंगवायच्या आणि ती गेली की कपाटात ठेवून द्यायच्या, हेही घडते. तो कागद वाचून कोणी काही बदलले का, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही.

यात प्राचार्यांची जबाबदारी मोठी आहे. त्या चिठ्ठ्या अध्यापकाच्या गोपनीय अहवालात गेल्या, तर पुढच्या महिन्यापासून 'सर्व समजले' असेच लिहिलेले येईल. 'माझ्या वर्गाला हे समजले नाही' असे अध्यापकाला विभागाच्या बैठकीत न घाबरता म्हणता आले पाहिजे. तिथे उत्तर 'का समजले नाही?' असे दटावणीचे नको; 'आता काय करू या?' असे असावे. एवढे बदलले, तरी पुष्कळ झाले.