इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, कानपूर : प्रारंभीची वर्षे

भारतातील उच्च तंत्रशिक्षण व संशोधन यांसाठी केंद्र शासनाने स्थापन केलेल्या संस्थांपैकी एक. स्थापना १९५९. पहिले शैक्षणिक सत्र १९६० मध्ये सुरू झाले. उत्तर प्रदेश राज्यात कानपूर शहराच्या पश्चिमेस सु. १५ किमी. वर, ग्रँड ट्रंक रस्त्यालगत कल्याणपूर येथे संस्थेचे आवार असून त्याचे क्षेत्रफळ सु. ४२७ हेक्टर आहे. ‘इन्स्टिट्यूट्स ऑफ टेक्नॉलॉजी ॲक्ट, १९६१’ या अधिनियमान्वये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. विज्ञानाधिष्ठित समाईक अभ्यासक्रम, सत्रपद्धती, अध्यापकानेच करावयाचे मूल्यमापन व संगणकाचे शिक्षण या चार बाबतींत या संस्थेच्या पहिल्या दशकातील प्रयोगांचा परिणाम भारतातील तंत्रशिक्षणावर दूरवर झालेला आढळतो.

पार्श्वभूमी : भारतातील जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये मुख्यत्वे सार्वजनिक बांधकाम खात्याची गरज भागविण्यासाठी निघाली. रूडकी (१८४७) व पुणे (१८५४) येथील महाविद्यालये ही त्याची ठळक उदाहरणे होत. रस्ते, पूल, कालवे व इमारती यांवर देखरेख करणारे अधिकारी व दुय्यम कर्मचारी तयार करणे, हा त्यांचा मूळ उद्देश होता. नवे यंत्र किंवा नवी प्रक्रिया शोधून काढणारा अभियंता निर्माण करणे हे त्यांच्याकडून अपेक्षितच नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही उणीव प्रकर्षाने जाणवली. युद्धोत्तर औद्योगिक विकासाचा विचार करण्यासाठी नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली १९४५ मध्ये एक समिती नेमण्यात आली. देशाच्या पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण या चार भागांत प्रत्येकी एक उच्च तंत्रशिक्षण संस्था काढावी व तिच्यासमोर अमेरिकेतील ‘मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’चा आदर्श असावा, अशी शिफारस या समितीने केली. त्यानुसार पहिली संस्था १९५१ मध्ये खरगपूर येथे, ब्रिटिश अमदानीतील हिजली बंदिवासाच्या इमारतीत सुरू झाली. पुढील संस्थांसाठी निरनिराळ्या राष्ट्रांचे साहाय्य घेण्यात आले : मुंबईसाठी (१९५८) यूनेस्कोमार्फत सोव्हिएट रशियाचे, मद्राससाठी (१९५९) पश्चिम जर्मनीचे, कानपूरसाठी अमेरिकेचे व दिल्लीसाठी (१९६१) ब्रिटनचे.

संस्थापक संचालक : कानपूर संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर (१९०९–९०) यांचा जन्म धारवाड येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये व बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिक्षण घेतल्यावर त्यांनी लिव्हरपूल विद्यापीठाची विद्युत् अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळविली. काही वर्षे बंगलोर येथे अध्यापन केल्यानंतर १९४३ मध्ये ते मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्युत् अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख झाले. मुंबईत नव्या संस्थेचा संकल्प झाला, तेव्हा तिच्या नियोजन अधिकाऱ्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यामुळे १९५९ च्या अखेरीस ते कानपूरला गेले, तेव्हा शून्यातून संस्था उभी करण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. मूळ प्रकृतीने विज्ञानाचे विद्यार्थी असल्याने अभियांत्रिकीचा पाया भौतिकी, रसायनशास्त्र व गणित यांत असला पाहिजे, अशी त्यांची दृढ धारणा होती. संस्थेच्या पुढील घडणीत या धारणेचे प्रतिबिंब ठिकठिकाणी दिसते.

पहिले सत्र : संस्था सुरू झाली, तेव्हा तिची स्वतःची इमारत नव्हती. कानपूरच्या हारकोर्ट बटलर टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या उपाहारगृहाच्या इमारतीत तिचे कामकाज चालू लागले व १९६० मध्ये १०० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. त्या वेळी पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा होता. म्हणजे या विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, तेव्हा त्यांना वरच्या वर्गांत ज्या प्रयोगशाळांतून काम करावयाचे होते, त्या अस्तित्वातही नव्हत्या. विद्यार्थी एकेक वर्ष पुढे सरकत होते आणि त्यांच्या पुढच्या वर्षाची संस्था त्यांच्या जोडीने उभी राहत होती. इमारती पूर्ण होईपर्यंत थांबावयाचे, की असेल त्या जागेत शिकवावयास सुरुवात करावयाची, हा पेच प्रत्येक नव्या तंत्रशिक्षण संस्थेपुढे असतो. कानपूरने दुसरा मार्ग पत्करला. त्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला, की इमारतींचे आराखडे पक्के होण्यापूर्वीच अभ्यासक्रमाविषयीचे मूलभूत निर्णय घ्यावे लागले. कल्याणपूरच्या आवारात स्थलांतर १९६३ मध्ये झाले.

अमेरिकन साहाय्य : ‘कानपूर इंडो-अमेरिकन प्रोग्रॅम’ या नावाने ओळखली जाणारी साहाय्य योजना १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे चालू होती. तीत अमेरिकेतील नऊ नामांकित शिक्षणसंस्था एकत्र आल्या होत्या : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि कॅलिफोर्निया (बर्कली), प्रिन्स्टन, मिशिगन, ओहायओ स्टेट व पर्ड्यू ही विद्यापीठे. योजनेचे पहिले प्रमुख मॅसॅचूसेट्सचे नॉर्मन डाल हे होते. अमेरिकन प्राध्यापकांनी काही काळ कानपूरला राहून अध्यापन व प्रयोगशाळांची उभारणी यांत भाग घ्यावा, भारतीय अध्यापकांनी अमेरिकेतील संस्थांत जाऊन काम करावे आणि भारतात न मिळणारी उपकरणे व ग्रंथ पुरविले जावेत, असे योजनेचे त्रिविध स्वरूप होते. संस्थेचा कारभार मात्र भारतीय संचालक, नियामक मंडळ व अध्यापकांची अधिसभा यांच्या हाती होता. साहाय्य एका देशाचे असले, तरी ते नऊ संस्थांकडून आले, ही गोष्टही महत्त्वाची ठरली. या संस्थांच्या आपापल्या परंपरा भिन्न असल्याने कोणत्याही एकीची हुबेहूब नक्कल करणे कानपूरला शक्य नव्हते. तुलना करून निवड करणे भागच होते.

अभ्यासक्रम व मूल्यमापन : संस्थेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिचा समाईक गाभा अभ्यासक्रम होय. विद्यार्थी स्थापत्य, यांत्रिक, विद्युत्, रासायनिक अथवा धातुवैज्ञानिक अभियांत्रिकीचा असो, पाच वर्षांपैकी पूर्वार्धात सर्वांना बहुतांशी सारखेच विषय शिकावे लागत. गणित, भौतिकी, रसायनशास्त्र, अभियांत्रिकीची मूलतत्त्वे व कर्मशाळेतील काम यांचा त्यांत समावेश होता. शाखेचे विशेष शिक्षण उत्तरार्धात येई. यामागील विचार असा होता, की विशिष्ट यंत्र वा प्रक्रिया यांचे ज्ञान लवकर जुने होते. परंतु ज्या वैज्ञानिक तत्त्वांवर ती आधारलेली असतात, ती टिकून राहतात. पदवीनंतर तीस-पस्तीस वर्षे काम करणाऱ्या अभियंत्यास आपले ज्ञान स्वतःच नवे करता आले पाहिजे. त्याचप्रमाणे मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांतील काही विषय अनिवार्य करण्यात आले. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान व साहित्य यांचा अभ्यास अभियंत्याला शोभेसाठी करावयाचा नसून, ज्या समाजासाठी तो काम करणार तो समाज कळावा म्हणून करावयाचा आहे, ही त्यामागील भूमिका होती.

मूल्यमापनातील बदल याहून मूलगामी होता. तोपर्यंत भारतातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये विद्यापीठांना संलग्न होती. अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवावा, अध्यापकाने शिकवावे आणि वर्षाच्या अखेरीस बहिःस्थ परीक्षकाने उत्तरपत्रिका तपासाव्यात, अशी प्रथा होती. या व्यवस्थेत शिकविणाऱ्याला काय शिकवावे व शिकलेले कसे जोखावे, या दोन्ही बाबतींत फारसा अधिकार नसे. विद्यार्थ्यांचा भरही वर्षभराच्या अभ्यासापेक्षा अखेरच्या काही आठवड्यांच्या पाठांतरावर असे. कानपूरने वर्षाऐवजी सत्र हे एकक मानले. वारंवार होणाऱ्या छोट्या चाचण्या, गृहपाठ व सत्रान्त परीक्षा यांच्या आधारे विषय शिकविणाऱ्या अध्यापकानेच विद्यार्थ्यास अक्षरश्रेणी द्यावयाची, असा नियम केला. बहिःस्थ परीक्षक राहिला नाही. ही पद्धती अध्यापकावरील विश्वासावर उभी आहे. पक्षपाताची शंका, श्रेणींतील तफावत व अध्यापकावर पडणारा कामाचा भार हे तिचे धोके उघड होते. तथापि अध्यापकाला विषयाची मांडणी आपल्या मतानुसार बदलता येऊ लागली व नवे संशोधन वर्गापर्यंत लवकर पोहोचू लागले. पुढे इतर भारतीय तंत्रविद्या संस्थांनी व कालांतराने अनेक विद्यापीठांनी सत्र व श्रेणी यांवर आधारलेली पद्धती स्वीकारली. [⟶ तंत्रशिक्षण].

अध्यापकवर्ग : चांगल्या अध्यापकांवाचून ही व्यवस्था चालणे अशक्य होते. केळकर यांनी परदेशांत संशोधन करीत असलेल्या तरुण भारतीयांशी संपर्क साधून त्यांना संस्थेत आणण्याचा सातत्याने प्रयत्न केला. संस्थेत विज्ञान विभागांना अभियांत्रिकी विभागांच्या बरोबरीचे स्थान होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विज्ञानाचे अध्यापक सामान्यतः दुय्यम गणले जात. येथे त्यांना स्वतःचे पदव्युत्तर विद्यार्थी व संशोधन प्रयोगशाळा मिळाल्या. रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव हे १९६३ मध्ये या संस्थेत आले व घन-अवस्था रसायनशास्त्रातील त्यांच्या कार्याचा महत्त्वाचा टप्पा येथेच पार पडला. वैमानिकीय अभियांत्रिकी विभागासाठी आवारातच धावपट्टी व उड्डाण प्रयोगशाळा उभारण्यात आली. भारतातील शिक्षणसंस्थांत अशी सोय विरळाच होती.

संगणक : ऑगस्ट १९६३ मध्ये संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक बसविण्यात आला. भारतात संगणक त्यापूर्वीही होते. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५ पासून एक आयात संगणक होता, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः तयार करून १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित केला होता. परंतु हे संगणक मुख्यतः संशोधनासाठी होते. कानपूरचे वेगळेपण असे, की तेथे तो शिक्षणाचे साधन म्हणून वापरण्यात आला. दशमान पद्धतीने अंकगणित करणाऱ्या या यंत्राला छिद्रित पत्रांवरून फोर्ट्रान भाषेतील आज्ञावली पुरविता येत असे. विद्यार्थ्याने स्वतः पत्रे छिद्रित करावी, यंत्र चालवावे, चूक सापडल्यास दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न करावा, अशी मुभा होती. महागडे यंत्र तज्ज्ञ कर्मचाऱ्यांच्या ताब्यात बंदिस्त ठेवण्याच्या त्या काळातील प्रथेच्या हे अगदी विरुद्ध होते.

एच. के. केशवन हे संगणक केंद्राचे प्रमुख होते. हॅरी हस्की व फोरमन ॲक्टन या अमेरिकन प्राध्यापकांनी प्रारंभीच्या अध्यापनात भाग घेतला. अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेल्या व्ही. राजारामन् यांनी पुढे हे काम मोठ्या प्रमाणावर वाढविले. लवकरच आज्ञावलीलेखनाचा विषय सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना अनिवार्य झाला. देशातील अन्य संस्थांमधील अध्यापक व शास्त्रज्ञ यांच्यासाठी अल्प मुदतीचे वर्गही भरविण्यात आले. या विषयावरील परदेशी पुस्तके भारतीय विद्यार्थ्यांना परवडत नसत. राजारामन् यांच्या वर्गातील टिपणांतून तयार झालेले स्वस्त पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले व संगणक पाहावयासही न मिळालेल्या असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत तो विषय पोहोचला. दरम्यान १९६६ मध्ये आयबीएम ७०४४ हा अधिक मोठा संगणक आला व विद्युत् अभियांत्रिकी विभागात संगणकविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षणही सुरू झाले. एन. आर. नारायण मूर्ती हे १९६९ मध्ये येथून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले. १९८१ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या ‘इन्फोसिस’ या संगणकीय आज्ञावली उद्योगाच्या संस्थापकांपैकी ते एक होत.

वास्तुरचना : आवाराची व मुख्य इमारतींची रचना अच्युत कानविंदे (१९१६–२००२) यांनी केली. ते मूळचे कोकणातील आचरे येथील. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत व नंतर हार्व्हर्ड विद्यापीठात वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले होते. काँक्रीटचा उघडा सांगाडा व त्यात विटांचे भरीव काम ही या इमारतींची ठळक खूण होय. ग्रंथालय, व्याख्यानगृहे, प्रयोगशाळा व अध्यापकांच्या खोल्या आच्छादित मार्गांनी परस्परांना जोडलेल्या आहेत. त्यांमुळे कानपूरच्या कडक उन्हाळ्यात व पावसाळ्यात निवारा मिळतोच. शिवाय निरनिराळ्या विभागांतील माणसांच्या जाता-येता गाठी पडतात. विभागांमधील भिंती अभ्यासक्रमात सैल करण्याचा जो प्रयत्न झाला, त्याला ही रचना पूरक ठरली.

मूल्यमापन व टीका : पहिली तुकडी १९६५ मध्ये पदवीधर झाली. संस्थेच्या यशाबरोबरच तिच्यापुढील मूलभूत प्रश्नही याच सुमारास स्पष्ट झाला. पदवीधरांपैकी पुष्कळजण उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जात व त्यांतील अनेक तेथेच स्थायिक होत. पहिल्या तुकडीतील अभय भूषण यांचे उदाहरण बोलके आहे. मॅसॅचूसेट्स येथे असताना १९७१ मध्ये त्यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर माहितीसंच पाठविण्याच्या नियमसंहितेचा पहिला मसुदा तयार केला. आंतरजालाच्या विकासात या संहितेला मोलाचे स्थान आहे. अशा कर्तृत्वातून संस्थेच्या शिक्षणाची गुणवत्ता सिद्ध होते. पण गरीब देशाने मोठ्या खर्चाने तयार केलेल्या बुद्धिमत्तेचा लाभ प्रथम कोणाला मिळाला, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो. संस्थेचा अभ्यासक्रम जगातील उत्कृष्ट संस्थांच्या तोडीचा असला, तरी कानपूरमधील कापड व चामडे यांच्या गिरण्या-कारखान्यांशी तिचा संबंध बेताचाच राहिला, अशीही टीका झाली. सर्व शिक्षण इंग्रजीतून असल्याने लहान गावांतून व हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीची सत्रे जड जात.

या टीकेत तथ्य आहे. मात्र तिचा सगळा रोख संस्थेवर ठेवणे योग्य होणार नाही. संशोधन करू शकणारा अभियंता निर्माण करणे, हे सरकार समितीने सांगितलेले काम संस्थेने केले. अशा अभियंत्याला वाव देणारे उद्योग व प्रयोगशाळा मात्र देशात त्या प्रमाणात उभ्या राहिल्या नाहीत. तंत्रशिक्षण व औद्योगिक विकास यांचा वेग सारखा नसेल, तर त्यातून निर्माण होणारी तफावत केवळ शिक्षणसंस्थेला भरून काढता येत नाही, हा कानपूरच्या पहिल्या दशकाचा महत्त्वाचा धडा होय. दुसरा धडा असा, की नव्या संस्थेचे स्वरूप इमारती व उपकरणे यांपेक्षा पहिल्या काही वर्षांत घेतलेल्या शैक्षणिक निर्णयांनी ठरते. अमेरिकन साहाय्य १९७२ मध्ये संपले, तरी गाभा अभ्यासक्रम, सत्रपद्धती व अध्यापकाची स्वायत्तता टिकून राहिली.

केळकर यांना १९६९ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. पुढील वर्षी ते मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे संचालक झाले व १९७४ पर्यंत त्या पदावर होते. कानपूर येथील संस्थेच्या ग्रंथालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.