रेबीज प्रतिबंध : ग्रामपंचायतीचे कर्तव्य

पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रेबीज अथवा अलर्क हा रोग अत्यंत भयंकर आहे. लक्षणे एकदा प्रकट झाली की रोगी दगावतो, असाच जवळजवळ सर्वत्र अनुभव आहे. तथापि, वेळीच उपाय योजल्यास हा रोग निश्चितपणे टाळता येतो. मनुष्यास तो बहुतांशी कुत्र्यापासूनच होत असल्याने त्याच्या प्रतिबंधाचा आरंभ गावातील कुत्र्यांच्या लसीकरणापासून व्हावयास हवा.

कायद्यातील तरतूद

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये रेबीज हा अनुसूचित रोग आहे. आपल्या जनावरास असा रोग झाल्याचा संशय येताच मालकाने ग्राम अधिकारी अथवा ग्रामपंचायत यांना कळविणे बंधनकारक आहे. ही खबर नजीकच्या पशुवैद्यकाकडे लेखी पोहोचविण्याची व्यवस्थाही या कायद्यात आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर, तर भटक्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेवर आहे.

लसीकरण व नोंद

पिलास तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती दरवर्षी टोचून घ्यावी. परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाल्यास रोगाची साखळी तुटते. हे प्रमाण समजण्यासाठी गावात कुत्री किती व लस टोचलेली किती, याची नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवणे उपयुक्त ठरेल.

दंश झाल्यास

जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना वा तिखट लावू नये. त्यानंतर विनाविलंब आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी; जखमेतून रक्त आले असल्यास लसीबरोबर प्रतिविषाणू सीरमही आवश्यक असते. कुत्रा घरचा आहे म्हणून उपचार लांबणीवर टाकू नयेत. लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस कुत्र्याच्या लाळेत विषाणू असू शकतात. याकरिता चावलेल्या कुत्र्यास ठार न मारता १० दिवस बांधून त्यावर लक्ष ठेवावे. तो तेवढ्या अवधीत निरोगी राहिला, तर पुढील उपचाराबाबत डॉक्टरांना निर्णय घेता येतो.

शिक्षकांचे साहाय्य

मुले अनेकदा रागावण्याच्या भीतीने दंश लपवितात. ओरखडा लहान असला तरी तो तत्काळ सांगावा, ही शिकवण शाळेतूनच मिळावयास हवी. कुत्र्यांपासून मनुष्यास होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी प्रत्येक ग्रामपंचायतीने लसीकरण शिबिर भरविल्यास त्या दिशेने भरीव कार्य होईल.