संस्थान गेले, संघ खेळत राहिला

उज्जैनपासून सुमारे ५५ किलोमीटरवरील इंदूरच्या होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत रणजी करंडकाच्या १० अंतिम लढती खेळल्या आणि त्यांतील ४ जिंकल्या. महाराजा यशवंतराव होळकर आश्रयदाते होते. कर्णधार सी. के. नायडू यांना संस्थानच्या लष्करात कर्नलचा हुद्दा होता. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड हे संघाचे आधारस्तंभ. १९४८ मध्ये होळकरांचे इंदूर आणि शिंद्यांचे उज्जैन मध्य भारत राज्यात एकत्र आले. संघाचे संस्थानी नाव मात्र आणखी सात वर्षे टिकले. १९५५-५६ पासून मध्य भारत व पुढे मध्य प्रदेश संघाने त्याची जागा घेतली. १९५२-५३ नंतर या भूमीत रणजी करंडक परतला तो थेट २०२२ मध्ये.